बुचाचा सांधा

गृहस्थाश्रमांत ज्या वस्तूंवांचून एक दिवसहि चालत नाहीं, परंतु ज्यांच्याकडे कोणाचें लक्ष म्हणून जात नाहीं, अशा वस्तूंची यादी करावयास बसल्यास तींत बुचाचें नांव बरेंच वर लागेल. तेलाचें मोल होतें, बाटलीचें होतें. बुचाचें मोल तें हरवल्यावरच कळतें. मग घरांत शोधाशोध होते, आणि शेवटीं कागदाची सुरळी किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा बाटलीच्या तोंडांत खुपसून वेळ मारून नेली जाते. आपल्या भाषेनें मात्र या उपेक्षित वस्तूला शब्द देतांना हात आंखडता घेतलेला नाहीं. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधावयाचा तो दादरा. भोंकांत घट्ट बसवावयाची ती गुडदी. दाबून बसणारा तो दट्ट्या. आणि बाटलीचें तें बूच. ज्या घरांत वर्षाची बेगमी वर्षाच्या आरंभींच होत असे, त्या घराला तोंडें बंद करण्याचे इतके प्रकार लागावयाचेच.

बूच हा शब्द उच्चारतांच आमच्या पिढीच्या वाचकांना बुचाचें झाड आठवेल. त्याच्या लांब देंठांच्या पांढऱ्या फुलांचा सकाळीं शाळेच्या आवारांत सडा पडे, आणि मुली त्या देंठांचीच वेणी गुंफीत. या झाडाची साल जाड व मऊ असते, आणि तिचीं हलक्या प्रतीचीं बुचें करीत. खरें बूच मात्र निघतें तें भूमध्य समुद्राच्या कांठच्या एका ओक वृक्षाच्या सालींतून. जगांत जेवढें बूच निघतें त्यांतील सुमारें निम्में एकट्या पोर्तुगालमध्यें निघतें. झाड सुमारें पंचवीस वर्षांचें झाल्यावर पहिली साल काढतात, आणि पुढें दर नऊ वर्षांनीं. झाड त्यामुळें मरत नाहीं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें या सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, आणि १६६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथांत त्यांतील कप्प्यांचें वर्णन केलें. त्या कप्प्यांना त्यानें दिलेलें 'सेल' हें नांवच पुढें जीवशास्त्रांत रूढ झालें. शाळेंत आपण मुलांना 'पेशी' म्हणून जें शिकवितों, त्या नांवाचा उगम असा एका बुचांत आहे. या कप्प्यांत हवा कोंडलेली असते; म्हणून बूच दाबलें असतां दबतें, आणि सोडलें असतां पुन्हां फुगून कांचेला चिकटून बसतें.

लांकडाच्या अंगीं हा गुण नाहीं. साग घ्या, शिसव घ्या, कीं बाभूळ घ्या. दाबल्यानें तीं दबत नाहींत, पण दमट हवेनें फुगतात व कोरड्या हवेनें आंखडतात. हें आंखडणेंहि सर्व अंगांनीं सारखें नसतें. ओलें लांकूड पूर्ण वाळेपर्यंत लांबींत हजारांत एकदोन भागच आंखडतें. परंतु आडव्या अंगानें, सागासारखें शांत लांकूड घेतलें तरी, गाभ्याकडून सालीकडे शेंकडा सुमारें अडीच, आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनें शेंकडा पांचांच्या पुढें आंखडतें. म्हणजे आज अगदीं वाटोळें कातलेलें लांकूड हवा बदलली कीं किंचित् अंडाकृति होतें. कांचेची मान तर जन्मभर आहे तशीच राहते. तेव्हां निव्वळ लांकडाचा दट्ट्या बाटलींत बसविला, तर त्यानें वैशाखांत सैल पडून तेल गाळावें, आणि श्रावणांत असें फुगावें कीं, काढतांना बाटलीची मानच हातांत यावी! आमच्या नगर जिल्ह्याला (त्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें) ही गोष्ट निराळी सांगावयास नको. पश्चिमेस अकोले तालुक्यांत घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोंकणासारखा कोसळतो, आणि पूर्वेकडच्या पर्जन्यछायेंतील शेतकरी त्याच दिवसांत आभाळाकडे डोळे लावून बसतो. एकाच फांदीचे दोन तुकडे या दोन ठिकाणीं ठेवले, तर श्रावणांत ते एका मापाचे राहणार नाहींत.

यावर कातकाम करणाऱ्यांनीं काढलेली तोड म्हणजे कामाची वांटणी. हातांत यावयाची मूठ लांकडाची. बाटलीच्या मानेंत जाणारा पाय धातूचा, शंकूसारखा निमुळता. आणि त्या पायाच्या खांचांत मऊ सिलिकोनचीं दोनतीन कडीं. लांकडानें शोभावें, धातूनें टिकावें, आणि कड्यांनीं दबावें. असे तयार पाय हल्लीं घरबसल्या मागवितां येतात. पायाच्या डोक्यावर आट्यांचा एक खिळा उभा असतो. तो लांकडांत बसवावयाचा, एवढेंच काम. परंतु सारी मेख या 'एवढ्या'च कामांत आहे.

लांकूड व धातु यांचें लग्न आपल्याकडे फार जुनें आहे, आणि तें दोन रीतींनीं लागत आलें आहे. पहिली रीत बैलगाडीच्या चाकावरील धांवेची. लोखंडाची ती पट्टी चाकाहून किंचित् लहान करीत, गोंवऱ्यांच्या आगींत लाल करून वाढवीत, चाकावर चढवीत, आणि लगेच पाणी ओतीत. म्हणजे ती आंखडून सर्व चाक आवळून धरी. परंतु उन्हाळ्यांत लांकूड आंखडलें कीं तीच धाव सैल होऊन खडखडूं लागे, आणि गाडीवानाला गाडी ओढ्यांत उभी करून चाकें भिजवावीं लागत. दुसरी रीत भोवऱ्याच्या आरेची. ती बाहेरून कोणास आवळीत नाहीं. लांकडाच्या मध्यावर, उभ्या तंतूंच्या दिशेनें, आंत शिरून बसते. मुलें भोवरा दगडावर आपटतात, पावसांत टाकून देतात, उन्हांत विसरतात. जाळी तुटते, पण आर हलत नाहीं. चाळीस मिलीमीटर जाडीचें लांकूड शेंकडा एक आंखडलें तर बाहेरच्या कड्यांत चार दशांश मिलीमीटरची फट पडते. मधल्या आठ मिलीमीटरच्या भोंकांत तोच फरक आठ शतांश मिलीमीटर, म्हणजे जाडसर कागदाच्या जाडीपेक्षांहि कमी. धातूनें लांकडाला बाहेरून आवळूं नये, आंतून धरावें, हा बुचाच्या शास्त्राचा पहिला नियम आम्हांस भोवऱ्यानें शिकविला.

हें सर्व पाहण्याचें कारण एक पाळणा झाला. संगमनेरचा आमचा वडिलोपार्जित वाडा विकला गेला, तेव्हां भांडींकुंडीं वांटलीं गेलीं, देव एका घरीं गेले, आणि माजघरांतला सागवानी पाळणा मागें राहिला. आमच्या वडिलांची पिढी त्यांत वाढली; पुढें आम्ही सात भावंडें त्यांतच निजलों. बुडाच्या फळ्या व चौकट किडीनें पोखरली होती. चार कोंपऱ्यांचे कातीव खांब मात्र शाबूत होते. पाळणा दुरुस्त करून कोणीं न्यावा, तर तो टांगण्यास कडी पाहिजे आणि कडीस तुळई पाहिजे. आतांच्या सदनिकांतून तुळई कोठची? शिवाय एकाकडे गेला म्हणजे इतरांचा उरला नाहीं. आम्हीं सुचविलें कीं, खांबांचे तुकडे करून प्रत्येक घरीं एक नित्य उपयोगाची वस्तु द्यावी. लांकडी घाण्याचें तेल कांचेच्या बाटलींत आणण्याची रीत पुष्कळ घरांत पुन्हां सुरू झाली आहे, आणि त्या बाटल्यांचीं पत्र्याचीं झांकणें थोड्याच दिवसांत गंजतात. तेव्हां बुचें करावींत.

आमची थोरली बहीण अक्का पंचाहत्तरीच्या पुढें गेलेली आहे. तिला हें मुळींच रुचलें नाहीं.

"अरे, ज्या पाळण्यांत घालून पोरांचीं नांवें ठेवलीं, त्याला करवत लावणार तूं? आणि करणार काय, तर बाटल्यांचीं बुचें! ऐकणारे हंसतील."

"अक्का, अडगळींत ठेवला तर उरलेलेंहि कीड खाईल."

"खाऊं दे. किडीनें खाल्ला तर ती दैवाची गोष्ट. तूं कापलास तर ती आपल्या हातची."

या म्हणण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. इतर भावंडांचा कौल पडला म्हणून तिनें विरोध सोडला. पण पुढें महिनाभर आमचा फोन तिनें घेतला नाहीं. काम हातीं घेतांना आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. बूच सैल, गळकें किंवा केवळ शोभेचें झालें, तर अक्काचेंच म्हणणें खरें. पाळणा मोडल्याचें समर्थन एकाच गोष्टीनें होण्यासारखें होतें, आणि ती म्हणजे त्याच्या लांकडानें पुन्हां खरोखर कामास येणें.

कातण्याचें काम गांवांतल्या एका मिस्त्रींकडे दिलें. पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, लाटणीं अशीं कामें करण्यांत त्यांचा जन्म गेला. खांबांचे सव्वादोन इंची तुकडे त्यांनीं हातांत घेऊन फिरवून पाहिले, नखानें खरवडून वास घेतला, आणि म्हणाले, "गुरुजी, असा साग आतां मिळत नाहीं. पण हत्याराला फार खातो हा." तें खरें आहे. सागाच्या अंगांत सिलिकेचा, म्हणजे वाळूच्या जातीच्या द्रव्याचा, अंश असतो, आणि त्यानें पोलादाची धार लवकर जाते. दर एकदोन नगांमागें त्यांचें हत्यार सहाणेवर चढत होतें.

कामाच्या क्रमाविषयीं त्यांचा एक दंडक होता. "भोंक आधीं, घाट मागून. आधीं घाट केला आणि भोंक केसभर तिरकें गेलें, तर बूच कायमचें लंगडें. भोंकाच्या आधारानें घाट केला कीं चुकायला जागाच राहत नाहीं." त्याप्रमाणें त्यांनीं प्रथम प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर उभ्या तंतूंच्या दिशेनें भोंक पाडलें, त्याच भोंकानें तुकडा लेथवरील आट्यांच्या खिळ्यावर चढविला, आणि मग घाट काढला. पुढें ज्या अक्षावर धातूचा पाय बसावयाचा, त्याच अक्षाभोंवतीं लांकूड फिरलें. भोवऱ्याचेंहि असेंच आहे. आर मध्यावर नसेल तर लांकूड कितीहि सुबक कातलें तरी भोवरा थरथरतच राहतो.

तो लेथ पाहून आम्हांस रघुवंशाचा सहावा सर्ग आठवला. इंदुमतीच्या स्वयंवरांत अवंतीच्या राजाला कालिदासानें उपमा दिली आहे ती त्वष्ट्यानें चक्रभ्रमावर चढवून उजळलेल्या सूर्याची. चक्रभ्रम म्हणजे दुसरें कांहीं नसून फिरतें कातण्याचें यंत्र. मूळ कथा पुराणांतरीं आहे. विश्वकर्म्याची कन्या संज्ञा हिला आपल्या पतीचें, सूर्याचें, तेज सोसेना. तेव्हां बापानें जांवयालाच भ्रमावर चढवून त्याचें तेज तासलें. विष्णुपुराणांत तासलेला भाग अष्टमांश सांगितला आहे, आणि त्याच्या भुशापासून विष्णूचें चक्र, शंकराचा त्रिशूळ व कार्तिकेयाची शक्ति घडविल्याचें म्हटलें आहे. कारागिराच्या दृष्टीनें या कथेंत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तासावयाचें तें सहन होण्यापुरतें. आणि जें तासून पडलें तेंहि टाकावयाचें नाहीं. पाळण्याचा भुसा आम्हीं पिशवींत भरून घरीं आणला व तुळशीच्या मुळाशीं घातला.

धातु कोणता घ्यावा, याचा निर्णय स्वयंपाकघरच करतें. पितळ दिसावयास सुरेख, आणि पितळेच्या भांड्यांविषयीं तर नगरची जुनी ख्याति आहे. परंतु कल्हई नसलेल्या पितळेंत आंबट पदार्थ कळकतो, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको. तेलालाहि तांब्याचा सहवास मानवत नाहीं. तें हिरवट होतें व लवकर खंवट होतें. दुसरा प्रकार म्हणजे हलक्या धातूवर क्रोमचा मुलामा दिलेला पाय. तो नवा असतांना आरशासारखा चमकतो. पण मुलामा झिजून आंतली जस्ताची मिश्रधातु उघडी पडली, म्हणजे लिंबाचा रस किंवा शिरका तिला खाऊं लागतो. म्हणून आम्हीं न गंजणाऱ्या पोलादाचे पाय मागविले. आपल्या स्टीलच्या ताटवाट्यांत शेंकडा सुमारें अठरा क्रोमियम व आठ निकेल असलेली जी जात वापरतात, तीच ही. कडीं मुद्दाम सिलिकोनचीं घेतलीं. कारण साधें रबर तेलांत फुगतें व बुळबुळीत होतें.

बसविण्याचें काम मात्र आम्हीं स्वतः केलें. पूर्वी सुरीखुरप्यांच्या मुठी बसवितांना लाख किंवा राळ वितळवून तींत विटेची पूड मिसळीत, आणि तापविलेलें शेंपूट तींत खुपशीत. ती युक्ति उत्तम. पण ऊन लागलें कीं लाख मऊ होते. आतां दोन भाग कालवून घट्ट होणारी इपॉक्सी राळ मिळते. तिच्याशीं सागाचें पटत नाहीं, कारण सागाचें अंग तेलकट असतें. म्हणून प्रथम भोंक स्पिरिटाच्या बोळ्यानें आंतून पुसावें, स्पिरिट उडून जाऊं द्यावें, आणि मग वेळ न दवडतां राळ लावावी. थांबल्यास आंतलें तेल पुन्हां वर येतें. दुसरी अडचण हवेची. बंद भोंकांत राळ घालून खिळा फिरवूं लागलें, कीं कोंडलेली हवा राळेला बाहेर ढकलते आणि पाय पुरता खालीं बसत नाहीं. त्यासाठीं खिळ्याच्या अंगावर कानशीनें एक बारीक उभी चर पाडावी. हवा तिच्या वाटेनें निघून जाते. तिसरी गोष्ट टेंकण्याची. मुठीचें बूड सपाट न ठेवतां मध्याकडे किंचित् खोलगट ठेवावें, म्हणजे धातूची चकती लांकडाच्या कडेशीं फट न राहतां भिडते. आणि चौथी, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी कीं, राळ फक्त खिळ्याला लावावी, चकतीला लावूं नये. लांकूड मध्यावर पक्कें धरलेलें असावें. बाहेरच्या अंगास ऋतुमानाप्रमाणें सरकावयास मोकळीक असावी. सगळीकडून चिकटविलेलें लांकूड पहिल्याच उन्हाळ्यांत तडकतें.

हें वाक्य लिहितांना आमच्या मनांत केवळ लांकूडच आहे, असें नाहीं. वाडा होता तोंवर भिंतींनीं सर्वांना बाहेरून आवळून धरलें होतें. आतां भिंती गेल्या. सात भावंडांचीं एकोणीस घरें संगमनेरपासून सातासमुद्रांपलीकडे पसरलीं. प्रत्येक घराची हवा निराळी, फुगणें-आंखडणें निराळें. त्यांना पुन्हां धांवेसारखें आवळूं पाहणें व्यर्थ आहे. मध्यावर एखादा खिळा पक्का बसला असेल, तर तेवढ्यावर निभावतें.

काम कार्तिकांत केलें. तेव्हां हवा फार ओली नसते व फार कोरडीहि नसते. राळ एक दिवसरात्र सुकूं दिली. मिस्त्रींनीं मुठींवर फिरत्या लेथवर लाखेचा हात आधींच दिला होता. सावंतवाडी व चन्नपट्टण येथील खेळण्यांवर देतात तसाच, पण बिनरंगी. मग प्रत्येक बूच तेलाच्या बाटलीस लावून ती रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. सकाळीं कागदावर डाग नव्हता. बूच धुतांना तें ऊन पाण्यांत बुडवूं नये, पाय तेवढा पुसून घ्यावा, अशी चिठी लिहून एकेक बूच एकेका घरीं पाठविलें. अक्काचें मात्र पाठविलें नाहीं.

ती संक्रांतीस आली. तिळगूळ झाला, इकडचें तिकडचें बोलणें झालें. बुचाचा विषय तिनें काढला नाहीं व आम्हींहि काढला नाहीं. दुपारीं स्वयंपाकघरांत तिच्या हातीं तिळाच्या तेलाची बाटली आली. तिनें बूच निरखलें, आणि आम्ही हां हां म्हणतों तोंच बाटली उलटी करून आपल्या इरकली लुगड्याच्या पदरावर तीन वेळां हालविली. थेंब पडला नाहीं. मग तिनें बूच काढलें. तें 'टुप्' असा आवाज करून निघालें. तिनें लांकूड नाकाशीं नेलें.

"वास राहिलाय रे अजून," ती म्हणाली. थोड्या वेळानें विचारलें, "आणि भुसा?"

"तुळशींत घातला."

"तें बरें केलेंस." बूच परत लावून तिनें बाटली फडताळांत ठेवली. "माझी नात बाळंतपणाला आली आहे. पोराची टाळू भरायला तेलाची बाटली लागेल. तिच्यापुरतें एक दे. मला नको, मी काय करूं!"

आम्हीं दोन दिलीं, आणि तिनें दोन्ही घेतलीं. फाल्गुनांत मूल झालें. नाशकाच्या त्या घरांत तुळई नाहीं, म्हणून पाळणा लोखंडी चौकटीचा आणावा लागला. पण रोज सकाळीं न्हाऊं घालण्याआधीं पणजी जी वस्तु प्रथम हातांत घेते, ती जुन्या पाळण्याच्या खांबाची आहे. फोनवर तिनें आम्हांस सांगितलें तें इतकेंच कीं, बाटली दोनदां कलंडली, पण तेल सांडलें नाहीं.